मूळ स्रोत

रजिस्टरातला चौथा रकाना: कच्च्या मालाचा मूळ स्रोत.
तो मी भरते.
अक्षर बरं म्हणून गटानं हे काम मला दिलं,
आणि लगद्याच्या हौदाशी उभं राहिलं की मला धाप लागते, म्हणूनही.

तीन जानेवारी. रद्दी, बेचाळीस किलो.
स्रोत: आश्रमशाळेच्या घटक चाचण्या,
लग्नपत्रिका (सोनेरी गणपती कापून वेगळे),
तहसीलच्या मागच्या खोलीतले जुने अर्ज,
अर्धे वाळवीनं वाचलेले,
बाकीचे कोणीच नाही.

तपासणीला पुण्याहून बाई आल्या, ऋजुता नाव.
हौदात वाकून वास घेतला.
ब्लीचिंग पावडर वापरता?
वापरतो ना, मी म्हटलं, विहिरीत. पावसाळ्यात.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

मग समजावून सांगितलं, सावकाश, नीट:
लेबलं दोन जातीची असतात.
जन्मापासून क्लोरीन न लागलेल्या कागदाचं वेगळं.
तुमच्या रद्दीचं मागचं काय, ते कोणाला ठाऊक?
तुमच्या हातून काही पडलं नाही
एवढंच आम्ही लिहू शकतो.

मी म्हटलं, एवढं तर
माझ्याबद्दलही कोणी लिहून दिलं नाही अजून.

लेबलांचं भेंडोळं आलं, हजाराचं.
नखाएवढं पान, त्याभोवती तीन बाण.
रेऊलाबाईनं उन्हात धरून पाहिलं:
हे बान कोनाच्या मांगं लागले वो?
एकमेकांच्या.
मंग शिकार कोन करते?

दसरथ नन्नावरे सायकलवर रद्दी आणतो.
आधी नदीवर जाळं टाकायचा, कारखान्याच्या खालच्या अंगाला.
त्यानं 'क्लोरीन' शब्द दोनदा वाचून घेतला माझ्याकडून,
मग वहीचं पान नाकाशी नेलं.
पांढऱ्या कागदाले वास असते, बाई.
फेस आला का त्या दिवशी जाळं फुकटात भरे.
पोटं वर करून सारे.
कुत्रं बी तोंड लावत नोहतं.
हे 'मुक्त' म्हंजे काय, सुटला?
नाही, म्हणजे टाकलाच नाही.
मंग तसं लिहा ना. टाकला नाई.

आमचं पान भुरकं येतं,
मोहाच्या वाळल्या पानासारखं, मधेच एक निळा ठिपका,
कोणाच्या तरी शाईतून वाचलेला.
शाळेतून चाळीस वह्या परत आल्या.
गुरुजींची चिठ्ठी होती: कागद मळका आहे.

त्या तहसीलच्या गठ्ठ्यात एक अर्ज होता.
घरावर घालायला बांबू तोडू द्यावा, ही नम्र विनंती.
खाली बाचा अंगठा. वर माझं आठवीतलं अक्षर,
'विनंती'चे दोन्ही वेलांटे चुकलेले.
अर्ज पांढराशुभ्र. इतक्या वर्षांनीही.
तो कागदही कुठल्या तरी बांबूचाच असणार,
ज्याला तोडायला
कोणाचा अर्ज लागला नव्हता.

मी तो बाजूला ठेवला नाही.
बेचाळीस किलोंत तोही आहे.
रकान्यात 'तहसील' लिहिलं,
त्याच्या पलीकडे रेघ संपते.

परवा पुण्याहून पत्र आलं.
लेबल वाकडं लागत आहे.
वहीच्या कडेशी समांतर असावं, अन्यथा मान्यता स्थगित.
रेऊलाबाईला एका डोळ्यानं कमी दिसतं,
हे त्यांना कसं कळवावं, त्याचा नमुना नाही.

पत्र मात्र काय पांढरं!
बोटं उमटतील म्हणून कडेनं धरलं.
दसरथला दिलं. त्यानं हुंगलं,
आणि काही न बोलता तराजूत टाकलं.

अकरा फेब्रुवारी. कागद एक, पाकिटासह बारा ग्रॅम.
स्रोत: लेबल देणारं कार्यालय.